शाळेतली तक्रार पेटी: कोणती घ्यावी, कुठे लावावी आणि उघडल्यावर काय करावं

महाराष्ट्रात शाळांमध्ये तक्रार पेटी लावणं २०१७ च्या शासन निर्णयाने बंधनकारक झालं. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने ते पुन्हा बजावलं. त्यामुळे पेटी बहुतेक शाळांत आहे. पण दुकानात मिळते ती पेटी बँकेसाठी, पतसंस्थेसाठी आणि सरकारी कचेरीसाठी बनवलेली असते. तिच्यावर ‘सूचना व तक्रार’ असं छापलेलं असतं आणि ती वापरणारा माणूस पाच-साडेपाच फूट उंच आहे, त्याला भराभर लिहिता येतं, असं धरलेलं असतं. पहिलीतलं मूल साधारण सव्वातीन ते पावणेचार फुटांचं असतं आणि जून महिन्यात त्याला स्वतःचं नावही नीट लिहिता येत नाही.

म्हणून हे परीक्षण फक्त पहिली ते चौथीच्या दृष्टीने आहे, आणि पेटीच्या एकाच कामाचं आहे: मुलंच मुलाला त्रास देतात तेव्हा ते मोठ्यांना वेळेत कळतं का? रोज डबा ओढून घेणं, ‘काळ्या’, ‘जाड्या’, ‘चष्मिष’ म्हणत मागे लागणं, जातीवरून किंवा घरच्या बोलीवरून टोमणे मारणं, ‘हिच्याशी कोणी बोलायचं नाही’ असा वर्गाने ठरावच करून टाकणं, या सगळ्याला आता शाळांतून ‘बुलिंग’ म्हणतात. दोन मित्रांची मारामारी आणि बुलिंग यांत फरक आहे. नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेयस यांनी घालून दिलेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि ज्याला त्रास होतो तो समोरच्यापुढे कमजोर पडतो. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. पेटीची गरज तिच्यामुळेच पडते, कारण कमजोर पडलेलं मूल वर्गात हात वर करून सांगत नाही.

आधी वस्तूबद्दल. बाजारात ठळक तीन प्रकार आहेत.

अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक पेटी दिसायला सगळ्यात छान, आणि प्राथमिक शाळेसाठी सगळ्यात वाईट. आतल्या चिठ्ठ्या बाहेरून दिसतात. चौरेघी वहीचं पान, गुलाबी शाई, चिठ्ठीची घडी, एवढ्यावरून तिसरीतली मुलं ‘ही कोणाची’ ते अचूक ओळखतात. आणि ओळखली की मधल्या सुट्टीत जाब विचारला जातो. अशी पेटी आधीच घेतलेली असेल तर फेकू नका. आतून चारही बाजूंनी जाड कार्डशीट लावा, काम होतं. दुसरी अडचण म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या बिजागऱ्या. त्या नुसत्या चिकटवलेल्या असतात आणि रोज उघड-मीट केली की सुटतात.

पत्र्याची पावडर कोटिंग केलेली पेटी मजबूत असते. तिच्या फटीवर बहुधा पत्र्याची झडप असते, आणि चिठ्ठी टाकून हात काढला की ती ‘टण्ण’ वाजते. शांत व्हरांड्यात तो आवाज दोन वर्गांपर्यंत जातो. भीत भीत आलेल्या मुलासाठी तो आवाज म्हणजे पकडलं जाणं. झडपेच्या आतल्या कडेला दाराला लावतात तसली फोमची पट्टी चिकटवली की आवाज थांबतो. फटीच्या कडा बोटाने तपासून बघा. धारदार असतील तर कानस मारून, रंगाचा हात देऊन घ्या. कोकणात आणि गोव्यात उघड्या व्हरांड्यात ही पेटी पहिल्या पावसाळ्यात तळाकडून गंजते, म्हणून तळाला पाणी निघायला दोन बारीक भोकं आणि भिंतीपासून बोटभर अंतर ठेवायचं.

सनमायका लावलेली प्लायची पेटी आवाज करत नाही, धारदार नसते आणि गावातला सुतार हव्या त्या मापाची करून देतो. पावसाळ्यात दार फुगून अडकतं आणि खालून वाळवी लागते, एवढेच तिचे दोष. शाळेचा व्हरांडा आडोशाचा असेल तर आमची पसंती हिला. उघड्यावर लावायची तर पत्र्याची.

माप बारा इंच उंच, आठ रुंद, सहा खोल एवढं पुरे. फट सहा-सात इंच लांब आणि एक सेंटिमीटर उंच. याहून अरुंद केली तर चार घड्या घातलेलं वहीचं पान अडकून अर्धं बाहेर लोंबत राहतं, आणि याहून मोठी केली तर करकटकाने किंवा पट्टीने चिठ्ठी बाहेर काढता येते. फटीच्या आत खाली उतरती फळी असावी, म्हणजे चिठ्ठी सरळ तळाशी जाते आणि वरून चाचपली तरी हाताला लागत नाही. ही फळी तयार पेट्यांत जवळजवळ नसतेच. सुताराकडून करून घेत असाल तर आठवणीने सांगा.

कुलपाचं मात्र सगळ्यांनी मनावर घ्यावं. तयार पेटीला जे गोल, कपाटासारखं कुलूप येतं, त्याच्या एकाच बनावटीच्या किल्ल्या पुष्कळदा एकमेकींना लागतात. शेजारच्या वर्गाच्या पुस्तकपेटीची किल्ली तक्रार पेटीला लागली तर सगळं मुसळ केरात. बाहेरून कडी-कोयंडा बसवून वेगळं छोटं कुलूप लावा. किल्ल्या दोन, दोन वेगवेगळ्या माणसांकडे, आणि त्यातली एकही मुख्याध्यापकांकडे नको.

कुठे लावायची

पेटी दर्शनी भागात लावायची म्हणून शाळा ती कार्यालयाच्या दाराशेजारी, सूचना फलकाच्या रांगेत, मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतात. तपासणीला आलेल्या साहेबांना ती लगेच दिसते. दुसरीतल्या मुलीला मात्र तिथे पोचायला कार्यालयाबाहेर थांबावं लागतं, टाचा उंच कराव्या लागतात, आणि येणारे-जाणारे ‘काय गं, काय टाकतेस?’ म्हणून विचारतात. ती परत जाते.

दर्शनी पेटी तिथेच राहू द्या आणि प्राथमिकसाठी दुसरी लावा. जागा अशी हवी की मूल तिथून रोज जातंच, आणि तिथे दोन क्षण थांबलं तरी कोणाला विशेष वाटत नाही. वाचनकोपऱ्यातल्या पुस्तकांच्या कपाटाची बाजू, चपला ठेवायच्या कट्ट्याजवळची भिंत, हरवलेल्या वस्तूंच्या टोपलीशेजारची जागा. फट जमिनीपासून तीन फुटांवर. स्वच्छतागृहाजवळ किंवा जिन्याखाली लावू नका. एकांत आहे म्हणून ती जागा सोयीची वाटते, पण दांडगाई करणारी मुलंही तीच जागा निवडतात. सीसीटीव्हीने व्हरांडा दिसावा, पेटीच्या फटीवर कॅमेरा रोखलेला नसावा. ‘कॅमेऱ्यात बघून कोणी टाकली ते शोधू’ असं एकदा जरी कोणी म्हणालं तरी पेटी कायमची रिकामी राहते.

पेटीवर ‘तक्रार’ हा शब्द नसला तर बरं. लहान मुलांच्या जगात तक्रार करणारा चोमडा ठरतो. ‘बाईंना सांगायचंय’ किंवा ‘माझी चिठ्ठी’ असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि खाली १०९८ हा मुलांसाठीचा मोफत, चोवीस तासांचा क्रमांक ठळक रंगवा. चुगली आणि मदत यांतला फरक वर्गात एकदा नीट समजावून सांगा: कोणाला तरी ओरडा बसावा म्हणून सांगितलं ती चुगली, कोणाचा तरी त्रास थांबावा म्हणून सांगितलं ती मदत. पहिलीतल्या मुलांनाही हे दोन-तीन उदाहरणांत कळतं.

चिठ्ठीच पेटीला चालवते

तयार पेटीबरोबर चिठ्ठ्या येत नाहीत, आणि हीच या वस्तूची सगळ्यात मोठी उणीव. मुलाने वहीचं पान फाडायचं, सगळ्यांदेखत लिहायचं, मग एकट्याने पेटीपर्यंत जायचं, एवढं अंतर त्रासात असलेलं मूल कापत नाही. यावर उपाय सोपा आहे. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक छापील चिठ्ठी द्यायची. प्रत्येकाने काहीतरी लिहायचं, काही झालं नसेल तर ‘काही नाही’ लिहायचं किंवा हसरा चेहरा रंगवायचा, आणि घरी जाताना रांगेतच पेटीत टाकायची. सगळेच टाकतात, त्यामुळे कोण सांगतंय ते उठून दिसत नाही. ए-फोर कागदाचे चार भाग केले की एका कागदात चार चिठ्ठ्या, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गाला आठवड्याला दहा कागद. बाकीच्या दिवशी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल वाचनकोपऱ्यात.

तिसरी-चौथीसाठी चिठ्ठीवर पाच ओळी: काय झालं, कुठे, किती वेळा, कोणाला त्रास झाला (मला की दुसऱ्याला), आणि कोणी बघितलं. नाव लिहायचं की नाही ते मुलाने ठरवायचं. ‘दुसऱ्याला’ हा पर्याय विसरू नका. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दांडगाईत फक्त दोन मुलं नसतात. त्रास देणाऱ्याला साथ देणारी, हसून चेतवणारी, बघून गप्प बसणारी आणि त्रास होणाऱ्याची बाजू घेणारी, असा सगळा वर्ग त्यात असतो. तिथला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच पायावर उभा आहे. बघून गप्प बसणाऱ्या मुलांना बोलायला जागा मिळाली की खरी माहिती बहुतेक त्यांच्याकडूनच येते.

पहिली-दुसरीसाठी लिहायला लावू नका. चिठ्ठीवर शाळेचा साधा नकाशा काढा: वर्ग, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, जिना, मैदान, पोषण आहाराची जागा, फाटक, रिक्षा किंवा व्हॅन. जिथे जायला आवडत नाही, भीती वाटते, तिथे मुलाने लाल खडूने गोल करायचा. एकाच वर्गातल्या सहा मुलांनी पाण्याच्या टाकीवर लाल गोल केला असेल तर नाव एकही नसलं तरी उद्याच्या मधल्या सुट्टीत कोणी कुठे उभं राहायचं ते कळलं. मधल्या सुट्टीची देखरेख म्हणून शिक्षक बहुधा झाडाखाली, सावलीत, दोघे मिळून उभे राहतात. तिथून मैदान दिसतं, टाकीची मागची बाजू दिसत नाही.

उघडायची कधी, कोणी

आठवड्यातून एकदा पेटी उघडायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. या कामासाठी ती अपुरी आहे. सोमवारी टाकलेली चिठ्ठी शनिवारी वाचली तर मुलाने आणखी पाच मधल्या सुट्ट्या काढलेल्या असतात, आणि ‘सांगून काही होत नाही’ हे तो शिकलेला असतो. पेटी रोज, शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत, दोन माणसांनी मिळून उघडावी. त्यातली एक व्यक्ती शिक्षकांपैकी आणि दुसरी मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमलेल्या सखी सावित्री समितीची सदस्य असावी. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार ही समिती शाळेत असायलाच हवी, मग तिचा उपयोग इथे करून घ्यावा. वर्गशिक्षिकेकडे एकटीकडे किल्ली नसावी, कारण एखादी चिठ्ठी तिच्याबद्दलही असू शकते.

नोंदवहीत चिठ्ठी चिकटवू नका. अनुक्रमांक, तारीख, एका ओळीत सार, कोण बघणार, पुन्हा कधी विचारणार, एवढे रकाने पुरेत. मूळ चिठ्ठी पाकिटात, कपाटात, कुलपात. आणि अक्षर जुळवून बघण्यासाठी मुलांच्या वह्या मागवणं हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा गुन्हा समजावा. तसंच प्रार्थनेच्या वेळी चिठ्ठी वाचून दाखवणंही.

एका प्रकारच्या चिठ्ठीसाठी वेगळा रस्ता आहे. खासगी अवयवांना हात लावणं, कपडे काढायला लावणं, तसले फोटो किंवा व्हिडिओ दाखवणं किंवा काढणं, असं काहीही असेल तर शाळेने ‘आधी आपल्या पातळीवर चौकशी’ करत बसू नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखासाठी ती एक वर्षापर्यंतच्या कैदेची आहे. मुलाला तीच गोष्ट चार लोकांपुढे चार वेळा सांगायला लावू नये.

चिठ्ठी वाचल्यानंतरचे दोन आठवडे

पेटी इथेच कामी येते किंवा वाया जाते. नेहमीचा प्रकार असा: दोन्ही मुलांना कार्यालयात एकत्र बोलावलं जातं, ‘काय रे, मारतोस का याला?’ असं विचारलं जातं, मग ‘सॉरी म्हण, हात मिळवा, आता दोस्त’. दोन सारख्या ताकदीच्या भांडखोरांना हे ठीक आहे. बुलिंगमध्ये मात्र कमजोर मुलाला त्याच्या छळणाऱ्यापुढे उभं करून साक्ष द्यायला लावल्यासारखं होतं. ते ‘काही नाही बाई, आम्ही खेळत होतो’ म्हणतं, आणि प्रकरण मिटल्याची नोंद होते.

आधी त्रास झालेल्या मुलाशी एकट्याशी बोला. त्याला वर्गाच्या दारातून नावाने हाक मारून बोलावू नका. वह्या नेऊन देण्यासाठी तीन मुलांना पाठवा, त्यात त्याला घ्या. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. ‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न टाळा. ‘कुठे होतं? तेव्हा आजूबाजूला कोण असतं? तुझ्या बाजूचं कोण वाटतं?’ हे विचारा. पुढे काय करणार ते सांगा, आणि ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही.

मग त्रास देणाऱ्यांशी, एकेकाशी, लागोपाठ, मध्ये त्यांना एकमेकांशी बोलायला वेळ न देता. चिठ्ठीचा उल्लेख नाही. ‘आमच्या लक्षात आलंय की पाण्याच्या टाकीजवळ अमक्याला पाणी पिऊ देत नाहीत. हे थांबायला हवं. तू उद्या काय करशील?’ एवढं बोलणं. उत्तर त्याच्या तोंडून यायला हवं आणि ते करण्याजोगं हवं. ‘चांगला वागेन’ हे उत्तर चालत नाही, ‘मी त्याच्या आधी रांगेत घुसणार नाही’ हे चालतं. सगळ्यांशी एकेकटं बोलून झालं की मग त्यांना एकत्र बसवून प्रत्येकाने आपापलं ठरलेलं सर्वांसमोर सांगायचं. त्याच दिवशी वर्गातल्या दोन-तीन जाणत्या मुलांना, ज्यांना इतर मुलं मानतात अशांना, एवढंच सांगायचं की मधल्या सुट्टीत याला तुमच्यात घ्या. जागा बदलायची तर त्रास देणाऱ्याची, त्रास झालेल्याची नाही.

कोंबडा करणं, वर्गाबाहेर उभं करणं, सगळ्यांसमोर लाज काढणं यांतून त्रास देणाऱ्या मुलाला एवढंच कळतं की मोठा झालं की लहानाला असं करता येतं. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. ‘दाखला हातात देऊ’ ही धमकीही पोकळ आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, कलम १६ तसं सांगतं.

पालकांना बोलवायचं ते वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही घरं फाटकावर समोरासमोर आली की भांडण मोठ्यांचं होतं, संध्याकाळी ते वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना नवा विषय मिळतो. त्रास देणाऱ्या मुलाच्या आईवडिलांशी बोलताना ‘तुमचा मुलगा गुंड आहे’ असं म्हणू नका. त्याने काय केलं, किती वेळा, कुठे आणि त्याने स्वतः काय कबूल केलं, एवढंच सांगा.

एका आठवड्याने आणि पुन्हा दोन आठवड्यांनी दोन्हीकडे विचारायचं. हे विचारणंच सर्वांत जास्त राहून जातं, म्हणून नोंदवहीत त्या तारखा पहिल्याच दिवशी लिहून ठेवायच्या. नोंदवहीत महिनाभर एकही ओळ नाही, याचा अर्थ शाळेत सगळं छान आहे असा लावू नये. शुक्रवारच्या चिठ्ठ्या वाटल्या जात आहेत का, गठ्ठा संपलाय का, कुलूप उघडतंय का, हे आधी बघावं. रिक्षा आणि व्हॅनमध्ये जे घडतं ते तर पेटीपर्यंत क्वचितच पोचतं. तिथल्या काकांना आणि मावशींना महिन्यातून एकदा विचारावंच लागतं.

शेवटी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे चांगल्या चाललेल्या पेट्या बंद पडतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत बदल्या होतात, खासगी शाळांत शिक्षिका नोकरी सोडतात, आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये किंवा टेबलाच्या खणात निघून जाते. पदभार देताना जी यादी करतात तिच्यात पेटीची किल्ली, नोंदवही आणि ज्यांची विचारपूस अजून बाकी आहे ते अनुक्रमांक, हे तिन्ही लिहून घ्यावेत. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी पेटी उघडावीच, कारण त्या दिवशी टाकलेली चिठ्ठी नाहीतर शाळा पुन्हा भरेपर्यंत तशीच पडून राहते.